अर्ज जातात, पण फोन येत नाही: रेझ्युमे नेमका कुठे अडतोय ते कसं शोधायचं

"इतक्या ठिकाणी अप्लाय केलं, पण एकही कॉल नाही." चाकण-रांजणगाव पट्ट्यातल्या कारखान्यांसाठी भरतीचं काम करताना हे वाक्य मला सारखं ऐकू येतं. सांगणारी मुलंमुली बहुतेक डिप्लोमा, आयटीआय, बीई मेकॅनिकल किंवा बीकॉम झालेली असतात. बीड, लातूर, सोलापूर, जळगावहून पुण्यात येऊन चार जणांत खोली घेतलेली असते आणि घरून रोज विचारणा होत असते. त्यातले बरेच जण यावर एकच उपाय करतात: नवं टेम्प्लेट शोधतात. निळ्या पट्टीच्या जागी हिरवी पट्टी येते, मजकूर मात्र शब्दाला शब्द तोच राहतो. महिन्याभराने पुन्हा तेच, फोन नाही.

टेम्प्लेट बदलण्याआधी बिघाड कुठे आहे ते शोधा. रेझ्युमे तुमच्या मोबाइलमधून निघून इंटरव्ह्यूच्या टेबलापर्यंत जाताना वाटेत ठरावीक ठिकाणीच अडतो. कधी तो पोचतो, पण उलटा संपर्क तुमच्यापर्यंत येत नाही. कधी पोर्टलच्या यंत्रणेला तो वाचता येत नाही. वाचता आला तरी एचआरच्या शोधात वर येत नाही. वर आला तर माणूस तो उघडतो आणि बाजूला ठेवतो. सगळं पार पडून निवड झाल्यावर कागदपत्रांच्या पडताळणीतही गाडी अडू शकते. प्रत्येक ठिकाणचं लक्षण वेगळं आहे आणि उपायही वेगळा. खालच्या क्रमानेच तपासा, कारण पहिल्या दोन तपासण्या पाच-दहा मिनिटांत होतात.

फोन खरंच येत नाही, की लागत नाही?

रेझ्युमे उघडा आणि त्यावर छापलेला नंबर बघून दुसऱ्याच्या मोबाइलवरून डायल करा. नंबर पाठ आहे म्हणून मनातून डायल करू नका, कागदावरचाच वाचा. एखादा आकडा चुकलेला असणं हे वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा दिसतं. दुसरी गोष्ट रिचार्जची. दोन सिमपैकी जुन्या सिमची वैधता संपून इनकमिंग बंद झालेलं असतं आणि रेझ्युमेवर नेमका तोच नंबर असतो. एचआरचा माणूस एका जागेसाठी भराभर फोन लावत असतो. नंबर बंद लागला की तो यादीतल्या पुढच्या नावाकडे जातो, संध्याकाळी पुन्हा करून बघेलच असं नाही. अनोळखी नंबर आपोआप कापणारी सेटिंग चालू असेल तर नोकरी शोधत असेपर्यंत ती बंद ठेवा. लँडलाइनवरून आलेला फोनही उचला.

मेलचंही तसंच. कॉलेजने दिलेला मेल आयडी पास झाल्यावर बंद होऊ शकतो, म्हणून रेझ्युमेवर स्वतःचा, साध्या नावाचा आयडी हवा. स्पॅमचा फोल्डर रोज उघडायचा. इंटरव्ह्यूची वेळ कळवणारे आणि ऑनलाइन टेस्टच्या लिंकचे मेल तिथे जाऊन पडतात आणि लिंकची मुदत संपून जाते.

नोटपॅडची चाचणी

ही चाचणी मी प्रत्येकाला करायला लावते. रेझ्युमेची पीडीएफ कॉम्प्युटरवर उघडा, सगळा मजकूर निवडा, कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. घरी कॉम्प्युटर नसेल तर सायबर कॅफेत किंवा मित्राच्या लॅपटॉपवर करा. नोटपॅडमध्ये जे दिसेल, साधारण तेच पोर्टलच्या आणि कंपनीच्या यंत्रणेला दिसतं.

काहीच पेस्ट झालं नाही, तर तुमची पीडीएफ म्हणजे फोटो आहे. झेरॉक्सच्या दुकानात टाइप करून घेतलेला रेझ्युमे मोबाइलने स्कॅन करून पाठवला की हे होतं. माणसाला तो वाचता येतो, पण त्यावरून शोध लागेलच असं नाही. तुम्ही 'सीएनसी' लिहिलेलं असतं, यंत्रणेच्या लेखी मात्र ते कोरं पान असू शकतं. दुकानदाराकडून मूळ वर्ड फाइल मागून घ्या. ती मिळत नसेल तर एकदा स्वतः बसून टाइप करा. गुगल डॉक्समध्ये मोबाइलवरही होतं.

मजकूर पेस्ट झाला पण वाक्यं एकमेकांत घुसली, तर दोन रकान्यांचा घोटाळा आहे. डावीकडे कौशल्यं आणि उजवीकडे अनुभव असं सुंदर टेम्प्लेट दिसायला छान, पण वाचणारी यंत्रणा आडव्या ओळीने गेली तर 'ऑटोकॅड' आणि 'जून २०२२ ते' हे एका ओळीत येतं. मग नोकरीच्या तारखा चुकीच्या कंपनीपुढे लागतात. एकच रकाना ठेवा, वरून खाली. कौशल्यापुढे पाचपैकी चार ठिपके भरलेले असतात त्याचाही उपयोग नाही. चार ठिपके म्हणजे काय हे ना यंत्राला कळतं ना मला.

नाव आणि फोन नंबर गायब असतील, तर ते वर्डच्या हेडरमध्ये टाकलेले आहेत का ते बघा. काही यंत्रणा हेडर-फूटर वाचत नाहीत. फोनच्या आणि पाकिटाच्या चित्रांऐवजी साधे 'मोबाइल' आणि 'ईमेल' हे शब्द लिहा.

आणखी एक घोटाळा खास आपल्याकडचा. दहावीच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव असं छापलेलं असतं. मुलं रेझ्युमेवरही तसंच लिहितात. यंत्रणा पहिला शब्द हे नाव समजते, आणि पोर्टलवर नावाच्या जागी आडनाव आणि आडनावाच्या जागी वडील बसतात. रेझ्युमेवर आधी स्वतःचं नाव, शेवटी आडनाव असं लिहा आणि पोर्टलच्या फॉर्ममध्ये प्रत्येक रकाना हाताने तपासा.

मराठी संस्थेसाठी, वृत्तपत्रासाठी किंवा शाळेसाठी मराठीत रेझ्युमे करत असाल तर तो युनिकोडमध्येच टाइप झालेला हवा. श्रीलिपी किंवा कृतिदेवच्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमधला मजकूर नोटपॅडमध्ये पेस्ट केला की रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. समोरच्याकडे तो फॉन्ट नसेल तर वर्ड फाइल उघडल्यावर त्यालाही तेच दिसणार.

फाइलचं नावही याच वेळी सुधारा. 'रेझ्युमे फायनल २ नवीन' या नावाच्या फायली माझ्या डाउनलोड फोल्डरमध्ये ढिगाने पडलेल्या असतात आणि कोणती कोणाची ते उघडल्याशिवाय कळत नाही. तुमचं नाव, ट्रेड किंवा शाखा आणि अनुभव एवढं फाइलच्या नावात पुरे.

पोर्टलवर प्रोफाइल आहे, पण कोणी बघत नाही

नोटपॅडची चाचणी नीट झाली, तरी महिनोन्महिने प्रोफाइल कोणी उघडल्याचं दिसत नाही, हे तिसऱ्या बिघाडाचं लक्षण. नोकरी डॉट कॉमसारख्या पोर्टलवर दोन वेगळ्या गोष्टी असतात: तुम्ही जोडलेली फाइल आणि तुम्ही रकान्यांत भरलेलं प्रोफाइल. फाइल अद्ययावत करून प्रोफाइल तीन वर्षांपूर्वीचं तसंच ठेवलेली मुलं खूप भेटतात. एचआर शोधताना शब्द टाकतो, शहर निवडतो, अनुभवाची वर्षं ठरवतो, नोटिस पिरियड बघतो आणि उमेदवार अलीकडे कधी सक्रिय होता याची गाळणी लावतो. पोर्टलवर सहा महिने लॉगिनच केलं नसेल, तर कितीही चांगला रेझ्युमे त्या गाळणीच्या पलीकडेच राहतो. आठवड्यातून एक-दोनदा लॉगिन करा आणि खरंच काही नवीन असेल तर एखादी ओळ सुधारा.

शहराचा रकाना महत्त्वाचा. तुम्ही भोसरीत राहता पण प्रोफाइलवर गावचा तालुका आहे, तर पुण्याचा शोध लावणाऱ्याला तुम्ही दिसणार नाही. रेझ्युमेवर सध्या राहता ते ठिकाण लिहा. पूर्ण पत्ता नको, 'भोसरी, पुणे' पुरे. अजून गावीच असाल तर 'चाकण, रांजणगाव, वाळूज कुठेही लगेच रुजू होऊ शकतो' असं स्पष्ट लिहा. एचआरच्या मनात पहिली शंका हीच असते की हा मुलगा येईल का आणि आल्यावर टिकेल का.

आणि शब्द. जाहिरातीत जो शब्द आहे तोच तुमच्या रेझ्युमेत असायला हवा, अर्थात ते काम तुम्ही केलेलं असेल तर. जाहिरात 'व्हीएमसी ऑपरेटर, फानुक कंट्रोल' म्हणते आणि तुम्ही नुसतं 'मशीन ऑपरेटर' लिहिता. तुम्ही फानुकवरच दोन वर्षं काम केलेलं असतं, पण ते कुठे लिहिलेलंच नसतं. मशीनचा प्रकार, कंट्रोलरचं नाव, सॉफ्टवेअरचं नाव, मोजमापाची साधनं हे सगळं नावानिशी यायला हवं. अकाउंट्सवाल्यांनी 'कॉम्प्युटरचं ज्ञान' ऐवजी टॅलीप्राइम, एक्सेलमधलं व्हीलुकअप आणि पिव्होट टेबल, जीएसटीची विवरणपत्रं (जीएसटीआर-१, जीएसटीआर-३बी) असं लिहावं.

इथे एक वाईट सल्ला फिरतो त्याबद्दल सांगते. पांढऱ्या रंगात, न दिसणाऱ्या अक्षरांत जाहिरातीतले सगळे शब्द तळाशी भरून ठेवा, असं काही जण शिकवतात. यंत्रणा मजकूर बाहेर काढते तेव्हा रंग उरत नाही आणि ते सगळं शब्दांचं गाठोडं एचआरला काळ्या अक्षरांत दिसतं. त्यानंतर तुमच्या बाकीच्या मजकुरावरही कोणी विश्वास ठेवत नाही. तसंच, 'तुमचा एटीएस स्कोअर ४२ आहे, पैसे भरा, ९० करून देतो' म्हणणाऱ्या साइट्सच्या नादी लागू नका. एटीएस म्हणजे आलेले रेझ्युमे वाचून गाळणारी कंपनीची यंत्रणा. प्रत्येक कंपनीची यंत्रणा वेगळी असते. सगळीकडे चालेल असा एकच स्कोअर नसतो.

उघडतात, पण पुढे काही नाही

प्रोफाइल बघितल्याच्या सूचना येतात, ओळखीच्या माणसाने रेझ्युमे पुढे पाठवल्याचं सांगितलं, तरीही फोन नाही. म्हणजे माणसाने वाचला आणि ठेवून दिला. माझ्या मते खरा बिघाड बहुतेकांचा इथे असतो, आणि टेम्प्लेट बदलून तो कधीच सुटत नाही.

पानाचा वरचा तिसरा हिस्सा बघा. तिथे 'आव्हानात्मक वातावरणात, नामांकित संस्थेत काम करून संस्थेच्या व स्वतःच्या प्रगतीसाठी' अशा अर्थाचं करिअर ऑब्जेक्टिव्ह असतं. शब्दशः तेच मला दिवसभरात कितीतरी जणांकडून येतं. ते काढा आणि त्या जागी दोन ओळी लिहा: तुम्ही कोण, किती अनुभव, कशावर हात बसलेला आहे, कोणतं काम हवंय. 'डिप्लोमा मेकॅनिकल, क्वालिटी इन्स्पेक्शनचा दोन वर्षांचा अनुभव, मशीन शॉपमधली इन-प्रोसेस तपासणी, सध्या चाकणमध्ये' एवढ्यानेच वाचणारा पुढे सरकतो.

मग अनुभव. मागे एका मुलाचा रेझ्युमे माझ्याकडे आला होता. दोन वर्षांच्या नोकरीपुढे एकच ओळ: उत्पादन विभागात गुणवत्ता तपासणीची जबाबदारी. मी त्याला लॅपटॉप बंद करायला लावला आणि विचारलं, "पहिल्या पाळीला गेल्यावर आधी काय करायचास?"

"मॅडम, इन्स्पेक्शन."

"कशाचं? सकाळी सात वाजता तू लाइनवर उभा आहेस. पहिलं काय हातात घ्यायचास?"

"ऑपरेटर सेटिंग करून पहिला पीस द्यायचा. तो चेक करून ओके द्यायचो. मी ओके दिल्याशिवाय लाइन सुरू नाही व्हायची."

"कशाने चेक करायचास?"

"बोअर डायल गेजने. आधी मास्टर रिंगवर झीरो सेट करायचा, मग बोअर बघायचा. टॉलरन्स वीस मायक्रॉनचा होता."

"मग दिवसभर?"

"दर तासाला पाच पीस. रीडिंग शीटवर लिहायचं."

"कधी काही पकडलंस?"

जरा थांबून त्याने सांगितलं की एकदा रीडिंग तासागणिक खाली सरकत होतं. अजून टॉलरन्समध्येच होतं, पण त्याला शंका आली. इन्सर्ट (कापणारी धार) घासला होता आणि बोअर (पार्टमधलं भोक) हळूहळू लहान येत होता. त्याने सुपरवायझरला बोलावलं, लाइन थांबवली आणि आधीच्या तासाचा माल वेगळा काढून सगळा तपासला.

यातलं एक अक्षर रेझ्युमेवर नव्हतं. त्याला वाटत होतं की हे तर रोजचंच काम, यात लिहिण्यासारखं काय आहे! आम्ही दोन ओळी केल्या. पहिली: सीएनसी बोअरिंग लाइनवर पहिल्या पीसची तपासणी आणि मंजुरी, बोअर डायल गेजचा वापर, टॉलरन्स २० मायक्रॉन. दुसरी: दर तासाला ५ नमुन्यांची नोंद, रीडिंगच्या कलावरून इन्सर्टची झीज ओळखून लाइन थांबवली आणि संशयित माल वेगळा काढला. क्वालिटीचा कोणताही मॅनेजर दुसरी ओळ वाचून त्याला बोलावेल, कारण टॉलरन्सच्या आत असलेलं रीडिंग बघून शंका घेणारा माणूस त्याला हवाच असतो.

तुम्हीही असंच करा. रेझ्युमे इंग्रजीत पाठवायचा असला तरी आधी मराठीत बोला. मोबाइलचं रेकॉर्डिंग चालू करा आणि पाळी सुरू झाल्यापासून सुटेपर्यंत काय काय करता ते आईला सांगताय असं सांगा. मग त्यातली कामं निवडून इंग्रजीत लिहा. थेट इंग्रजीत विचार केला की हात आपोआप 'रिस्पॉन्सिबल फॉर' कडे जातो आणि खरं काम बाहेरच राहतं. आजकाल पुष्कळ जण चॅटजीपीटीकडून पूर्ण रेझ्युमे लिहून घेतात. व्याकरण सुधारून घ्यायला ते चांगलंच आहे, पण नुसतं 'क्वालिटी इंजिनिअरचा रेझ्युमे लिही' म्हटलं तर त्या यंत्राला तुमची मास्टर रिंग आणि घासलेला इन्सर्ट कुठून माहीत असणार? ते जे लिहितं ते शेजारच्या मुलालाही लिहून देतं, आणि इंटरव्ह्यूत 'हे तुम्ही कसं केलं' विचारल्यावर उत्तर देता येत नाही.

अकाउंट्सच्या मुलींना मी विचारते, महिन्याच्या कोणत्या तारखेला तुझी सगळ्यात जास्त धावपळ व्हायची? मग खरं काम बाहेर येतं: ११ तारखेच्या आत जीएसटीआर-१ साठी विक्रीची बिलं तयार ठेवायची, १४ तारखेला जीएसटीआर-२बी (पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांची यादी) आलं की खरेदीच्या नोंदींशी मेळ घालायचा, ज्या पुरवठादाराचं बिल दिसत नाही त्याला फोन करायचा, २० तारखेच्या आत ३बी. हे लिहिलं की वाचणाऱ्याला कळतं की हिला पहिल्या महिन्यापासून काम देता येईल. 'अकाउंट्सची सर्व कामे' या शब्दांतून ते कळत नाही.

फ्रेशर असाल तर प्रोजेक्ट हा तुमचा अनुभव. बहुउद्देशीय शेती यंत्र, सौरऊर्जेवरचा फवारणी पंप ही नावं दरवर्षी येतात. नावाने फरक पडत नाही, त्यात तुमच्या हाताने काय झालं त्याने पडतो. चौघांच्या गटात ड्रॉइंग तुम्ही काढलं का, वेल्डिंग कोणी केलं, मोटर कशी निवडली, पहिल्यांदा चालवल्यावर काय मोडलं? त्यातली तुमची ओळ लिहा. डिप्लोमाच्या आय-स्कीम अभ्यासक्रमातलं सहा आठवड्यांचं इंडस्ट्रियल ट्रेनिंग केलं असेल तर तिथे काय पाहिलं ते नावानिशी लिहा. मामाच्या गॅरेजमध्ये सुट्टीत केलेलं काम, दुकानातलं बिलिंग हेही लिहा. ते लपवण्यासारखं मुळीच नाही. कारखान्यातल्या माणसाला हात काळे केलेला मुलगा आवडतो.

जागा कुठून काढायची? वडिलांचं नाव, वैवाहिक स्थिती, जात, धर्म, छंद, शेवटचं 'वरील माहिती खरी आहे' हे प्रतिज्ञापत्र, सगळं निघू शकतं. आधार आणि पॅन नंबर तर कधीच छापू नका, रेझ्युमे किती मोबाइलमधून फिरतो यावर तुमचा ताबा नसतो. फ्रेशरला आणि चार-पाच वर्षांच्या अनुभवाला एक पान पुरतं. त्याहून जास्त अनुभव असेल तर दोन. आखाती देशांसाठी अर्ज करणाऱ्यांचं वेगळं आहे. रत्नागिरी-रायगडातून तिकडे जाणाऱ्यांकडे फोटो आणि पासपोर्टची वैधता सर्रास मागतात, तेव्हा त्या अर्जासाठी वेगळी प्रत ठेवा आणि एजंटची नोंदणी परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासल्याशिवाय पासपोर्टची प्रत कोणालाही देऊ नका.

फोन येतात, पण भलत्याच ठिकाणांहून

इन्शुरन्स विक्री, टेलिकॉलिंग, 'घरबसल्या काम' असेच फोन येत असतील तर प्रोफाइलमध्ये अपेक्षित पद आणि विभाग रिकामा आहे किंवा 'एनी' आहे. ते भरा. कौशल्यांत 'कम्युनिकेशन, हार्ड वर्किंग, टीमवर्क' एवढंच असेल तर यंत्रणेने तरी दुसरं काय समजावं?

आणि जो कोणी रजिस्ट्रेशन फी, ट्रेनिंगचं डिपॉझिट, गणवेशाचे पैसे, गेटपासचे पैसे मागेल, तो फोन तिथेच ठेवा. मोठ्या कंपनीच्या लेटरहेडवर ऑफर आली तरीही. आईचं मंगळसूत्र गहाण ठेवून असे पैसे भरलेली मुलं मी पाहिली आहेत. नोकरी देणारा उमेदवाराकडून पैसे घेत नाही.

निवड झाली, पण रुजू होताना अडलं

हे सगळ्यात जिव्हारी लागतं. आपल्या पट्ट्यात पुष्कळ मुलं मोठ्या प्लांटमध्ये काम करतात, पण पगार ठेकेदाराकडून घेतात. रेझ्युमेवर प्लांटच्या कंपनीचं नाव असतं. पुढच्या कंपनीची पडताळणी करणारी संस्था यूएएनवरून (तुमच्या पीएफच्या कायम क्रमांकावरून) पीएफचा इतिहास बघते आणि तिथे ठेकेदाराचं नाव निघतं. मुलगा खोटारडा ठरतो, खरं तर त्याने दोन वर्षं त्याच लाइनवर घाम गाळलेला असतो. लिहायची साधी पद्धत अशी: आधी ठेकेदार संस्थेचं नाव, पुढे 'नियुक्ती: अमुक कंपनी, अमुक प्लांट'. काम खरं, मालक खरा, पीएफशी जुळतं. अर्ज करण्याआधी ईपीएफओच्या (पीएफ कार्यालयाच्या) पोर्टलवर आपला सेवा-इतिहास उघडून रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख बघा आणि रेझ्युमेवर त्याच तारखा लिहा. सोडल्याची तारीख नोंदलीच गेली नसेल तर आत्ताच पाठपुरावा करा.

अप्रेंटिसशिप हा कायम नोकरीचा अनुभव म्हणून दाखवू नका. १९६१च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखालचं प्रशिक्षण हीच एक चांगली नोंद आहे. त्यात पीएफ सहसा कापला जात नाही, त्यामुळे प्रमाणपत्र हाच पुरावा, ते जपून ठेवा.

टक्केवारीतही असाच अडथळा येतो. सीजीपीएला सरसकट ९.५ ने गुणणारी मुलं बरीच आहेत. तो गुणक सीबीएसईच्या दहावीसाठी होता, विद्यापीठांची सूत्रं स्वतःची असतात आणि बहुधा गुणपत्रिकेच्या मागे छापलेली असतात. खात्री नसेल तर सीजीपीए आहे तसाच लिहा.

लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनी आधारवर आणि पॅनवर आज जे नाव आहे ते लिहावं आणि शिक्षणाच्या भागात 'गुणपत्रिकेवरील नाव' म्हणून जुनं नाव द्यावं. दोन्ही कार्डांवर वेगवेगळं असेल तर आधी ते एकसारखं करून घ्या, पगाराचं खातं उघडतानाही तेच आडवं येतं.

राहिला गॅप. एमपीएससीची तयारी करताना सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत गेलेली वर्षं लपवायला मुलं आधीच्या नोकरीची तारीख पुढे ओढतात. तसं करू नका, ती पीएफमध्ये उघडी पडते. सरळ लिहा: '२०२१ ते २०२३: राज्यसेवा परीक्षेची पूर्णवेळ तयारी.' मुख्य परीक्षेपर्यंत पोचला असाल तर तेही लिहा. खाली त्यानंतर काय शिकलात त्याची एक ओळ द्या, सीएनसी प्रोग्रॅमिंगचा कोर्स, टॅली, काहीही. एचआरला परीक्षेची अडचण नसते. पुढची जाहिरात निघाल्यावर तुम्ही सोडून जाल का, ही भीती असते. 'आता पूर्णवेळ खासगी क्षेत्रातच काम करायचं ठरवलं आहे' हे एक वाक्य, ते खरं असेल तर, मेलमध्ये लिहिलं की ती शंका फोनच्या आधीच मिटते. बाळंतपण किंवा घरच्या आजारपणाचा गॅपही तसाच, एका ओळीत. त्यासाठी माफी मागायची गरज नाही.

बदल केल्यावर

एका वहीत नोंद ठेवा: तारीख, पद, कुठून अर्ज केला, रेझ्युमेची कोणती प्रत पाठवली, काय झालं. सगळं एकदम बदललं तर कशाने फरक पडला ते कळत नाही. मेल पाठवताना विषयात नुसतं 'रेझ्युमे' नको. पद, अनुभव, ठिकाण आणि किती दिवसांत रुजू होऊ शकता ते लिहा, आणि मेलचा मजकूर कोरा सोडू नका, तीन ओळी पुरतात. व्हॉट्सॲपवर पाठवताना फोटो नको, पीडीएफच पाठवा, सोबत तेवढ्याच तीन ओळी.

पाठवलेली प्रत मोबाइलमध्ये वर ठेवा. फोन आला की पहिल्या मिनिटात सध्याचा पगार, अपेक्षित पगार, नोटिस पिरियड आणि राहण्याचं ठिकाण विचारतात. हातात येणारा पगार आणि सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) हे दोन्ही आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. फोन बसमध्ये किंवा लाइनवर असताना आला तर "दहा मिनिटांत फोन करू का?" असं विचारायला काहीच हरकत नाही. मात्र नाव आणि कंपनी विचारून घ्या, नंबर सेव्ह करा आणि त्याच दहा मिनिटांत उलटा फोन करा.